दोन डब्या

आमच्या बेसिनवरच्या फळीवर दोन डब्या असतात. एक बाबांची, स्टीलची, झाकण एका बाजूने चेपलेलं. रात्रीचं जेवण झालं की ते कवळी काढतात, ब्रशने घासतात आणि त्या डबीतल्या पाण्यात सोडून देतात. दुसरी माझी, निळ्या प्लास्टिकची, मुठीत मावेल एवढी. गेल्या वर्षी फेब्रुवारीत ती घरात आली तेव्हा बाबांनी ती उघडून डोळ्यांजवळ नेऊन पाहिली.

"तुये बी दात काढून ठेवाचे हायेत का वं?"

"नाही बाबा. सरळ करायचे आहेत."

"आता?"

हे 'आता?' पुढे मी पुष्कळ जणांकडून ऐकलं. माझं वय तेव्हा त्रेचाळीस. मी नागपुरातल्या एका शाळेत मराठी शिकवते, आणि स्टाफरूममध्ये ही बातमी कळली तेव्हा एका सहकारी बाईंनी अगदी मायेने विचारलं, "मुलीचे करून घ्यायचे सोडून तुम्ही स्वतःचे करून राहिल्या?" मुलीचे दात सरळच आहेत. पण प्रश्न दातांचा नव्हताच, तो माझ्यावर खर्च होणाऱ्या पैशांचा होता, हे मलाही कळलं आणि त्यांनाही.

कारण दिसण्याचं नव्हतं असं मी म्हणणार नाही. वरचा डावा सुळा हिरडीवर चढलेला होता. आजी त्याला 'दातावर दात, भाग्याची खूण' म्हणायची आणि मी फोटोत ओठ मिटून उभी राहायची. तरी त्या सुळ्यासोबत मी आणखी तीस वर्षं काढली असती. मला दवाखान्यात नेलं ते खालच्या पटाशीच्या दातांनी. लहानपणी ते जरासे तिरपे होते, चाळिशीनंतर एकमेकांच्या मागे लपायला लागले. वयाबरोबर खालच्या पुढच्या दातांची दाटी वाढत जाते, हे पुष्कळांच्या बाबतीत होतं आणि मला ते माहीत नव्हतं. दोन दातांच्या आड ब्रश पोचेना, तिथे किटण साचायचं, आणि सकाळी चूळ भरली की पाण्यात लालसर धागा दिसायचा. वर्षात दोनदा दात साफ करून घेऊनही तो धागा परत यायचा.

तो धागा मी ओळखत होते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, नागपूर-चंद्रपूर गाडीवर. रात्रीची झोप उडवायला तंबाखू, आणि तंबाखूने हिरड्या बधिर, म्हणून दुखणंही उशिरा कळलेलं. पन्नाशी संपता संपता दात एकेक करून हलायला लागले आणि हाताने काढावेत इतक्या सहज गेले. किडलेला एकही नव्हता. सगळे धडधाकट दात, फक्त त्यांना धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं.

तारा लावायच्या की हे पारदर्शक अलाइनर्स, म्हणजे दातांवर चढवायचे, काढता-घालता येणारे प्लास्टिकचे ट्रे, याचा निर्णय मी महिनाभर लांबवला. मेडिकल कॉलेजच्या परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात माझ्या नणंदेच्या मुलाला तारा लागल्या होत्या, अगदी थोड्या खर्चात आणि फार छान. हिंगणा रोडकडच्या खासगी दंत महाविद्यालयांतही खर्च दवाखान्यांपेक्षा कमी असतो. ज्यांना पैशांचा विचार करावा लागतो त्यांनी आधी तिकडे जावं असं मी मनापासून सांगेन. तारांनी दात हलतात आणि काही प्रकारच्या हालचाली, विशेषतः गोलसर सुळे फिरवणं किंवा आत राहिलेला दात खाली ओढणं, त्या अधिक खात्रीने करतात. मी अलाइनर्स घेतले ते काढता येतात म्हणून. बेचाळीस मुलांसमोर दिवसाचे पाच तास बोलायचं असतं आणि हिरड्या आधीच नाजूक होत्या, तिथे ब्रश नीट फिरायला हवा होता. धरमपेठेतल्या ज्या डॉक्टरांकडे मी गेले त्या ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात सरळ करण्यातच वेगळं शिक्षण घेतलेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तुमचं काम दोन्हींनी होईल, फरक इतकाच की तारा तोंडात राहतात आणि अलाइनर्स ठेवावे लागतात. खर्च एक लाख चाळीस हजार झाला. तीन हप्त्यांत दिला.

आधी दीड महिना नुसती तयारी. हिरड्यांची साफसफाई, दोन दाढांत सिमेंट, संपूर्ण जबड्याचा एक्स-रे. हिरड्या सुजलेल्या असताना किंवा हाड कमी झालेलं असताना दात सरकवले तर ते कायमचे सैल पडू शकतात, म्हणून ही तयारी टाळून कुणी थेट ट्रे देत असेल तर तिथून उठून यावं. मग तोंडात पेनासारखा जाड कॅमेरा फिरवून स्कॅन. पूर्वी लगद्याने भरलेला साचा तोंडात धरून बसावं लागायचं, ते आता बहुतेक ठिकाणी नाही. आठवड्याभराने डॉक्टरांनी पडद्यावर माझे दात दाखवले. एक बटन दाबलं आणि ते सगळे कवायतीत उभे राहिल्यासारखे हळूहळू रांगेत आले. मी बघतच राहिले. डॉक्टर म्हणाल्या, "हे अंदाजपत्रक आहे, पावती नाही." ते वाक्य मला पुढे ऑक्टोबरात आठवलं.

चोवीस ट्रे वरचे, चोवीस खालचे. प्रत्येक जोडी दहा दिवस. दहाच दिवस का, पाच का नाही, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी जे समजावलं त्यानंतर माझा या सगळ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलला.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पदर असतो, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. ट्रे दाताला एका बाजूने रेटतो. ज्या बाजूला दाब येतो तिथलं हाड शरीर स्वतःच विरघळवतं, ज्या बाजूला तंतू ताणले जातात तिथे नवं हाड भरत जातं. दात असा सरकतो, पुढची भिंत पाडत आणि मागची बांधत. म्हणून एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटरच हलवायला सांगतो. त्याहून जोर लावला तर हाड लवकर हलत नाही, उलट काम अडतं आणि मुळांची टोकं झिजण्याची भीती असते. प्लास्टिकचं काम फक्त विनवणीचं. बाकी सगळं हाडाच्या चालीने.

मी हे त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते ऐकून गप्प बसले, मग त्यांनी जिभेने कवळी थोडी उचलून परत बसवली. त्यांची खालची कवळी दर काही वर्षांनी सैल होते. आम्हाला वाटायचं कवळी झिजली. कवळी तशीच असते. दात गेले की त्यांना धरणारं हाड बिनकामाचं होतं आणि आटत जातं, कवळीला बसायला जागाच उरत नाही. एकाच घरात, एकाच बेसिनपुढे, त्यांचं हाड नुसतं विरघळत होतं आणि माझं विरघळून परत भरत होतं. दोघांचं हाड एकाच घडणीचं.

पहिल्या दिवशी दातांवर नऊ ठिकाणी दाताच्याच रंगाचे सिमेंटचे बारीक उंचवटे चिकटवले. त्यांना अटॅचमेंट म्हणतात, ट्रेला पकडायला जागा मिळावी म्हणून. 'अदृश्य' या शब्दाचा भर तिथेच ओसरतो. लांबून खरंच काही दिसत नाही, पण समोरच्या बाकावरच्या सातवीतल्या मुलीने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "मॅडम, तुमच्या दातावर तांदूळ लागून राहिला." मी तिला ट्रे काढून दाखवला. वर्गात एकदम शांतता झाली. मग सगळ्यांना आपापले दात दाखवायचे होते.

त्या पहिल्या रात्रीची गोष्ट सांगायला हवी, कारण ती कुणी सांगत नाही. ट्रे बसवला तो डॉक्टरांनी, काढायचा होता मला. बेसिनसमोर उभी राहिले, नखाने ओढलं, घसरलं. पुन्हा ओढलं, हिरडीला नख लागलं. लाळ हातावर, आरशावर श्वासाची वाफ, स्वयंपाकघरात वरण थंड होत चाललेलं. दहा मिनिटांनी मनात आलं की हा निघणारच नाही, आणि छाती धडधडायला लागली. मी रडले. मग डॉक्टरांनी दाखवलेलं आठवलं, पुढून ओढायचं नाही. मागच्या दाढेच्या आतल्या बाजूला बोटाचं टोक अडकवायचं, आधी एक बाजू सैल करायची, मग दुसरी, आणि सगळ्यात शेवटी पुढचे दात. कट्ट असा आवाज झाला आणि सगळा ट्रे एकदम हातात आला, कोमट, माझ्या दातांच्या आकाराचा. चौथ्या दिवसापासून पाच सेकंद लागायला लागले. नवा ट्रे घातला की दोनतीन दिवस दात ठणकतात, पोळीसुद्धा पुढच्या दातांनी तोडवत नाही, आणि दात किंचित हलल्यासारखे वाटतात. हलत असतातच. मी नवा ट्रे नेहमी रात्री झोपताना घालायला लागले, पहिले काही तास झोपेत जातात.

जिभेचं मात्र वेगळं होतं. ट्रेची जाडी मिलिमीटरहून कमी, पण जिभेला तेवढंही पुरतं. मराठीत च दोन आहेत, आणि इतकी वर्षं शिकवूनही त्यांच्यातलं अंतर मला कधी इतकं जाणवलं नव्हतं. 'चहा' नीट यायचा, कारण तिथे जीभ टाळूला टेकते. 'चमचा' म्हटलं की जीभ थेट दातांमागे जाते, आणि तिथे आता दातांऐवजी गुळगुळीत प्लास्टिक होतं. शिट्टी वाजायची. 'चिंच' या एका शब्दात दोन्ही च येतात. पहिला बरोबर, दुसरा घसरलेला. 'माझं', 'झाड', 'काच', सगळीकडे तेच. डॉक्टरांनी मोठ्याने वाचायला सांगितलं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी बारीक अक्षर त्यांना वाचवत नाही, म्हणून सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवायचा असं ठरलं. पहिला आठवडा ते प्रत्येक चुकलेला च दुरुस्त करायचे. कवळी आली तेव्हा त्यांनीही महिनाभर हेच केलं होतं, गाडीतल्या स्टॉपांची नावं म्हणत. 'चंद्रपूर' लगेच जमलं, 'जांब' अडलं, असं त्यांनीच सांगितलं. बारापंधरा दिवसांत जीभ सुधारली. पेपर वाचणं आजही चालू आहे.

आता बावीस तासांबद्दल. दिवसाचे बावीस तास ट्रे तोंडात हवेत, असं सगळे सांगतात. उरतात दोन. नाश्ता वीस मिनिटं, डबा अर्धा तास, रात्रीचं जेवण अर्धा तास, प्रत्येक वेळी दात घासणं धरून. ऐंशी मिनिटं तिथेच गेली. उरलेल्या चाळीस मिनिटांत चहा. आणि आपल्या गावात चहा कधी सांगून येत नाही. कुणाच्या घरी पाय ठेवला की "घ्या ना जी थोडासा" येतोच. ट्रे घालून गरम चहा प्यायचा नाही, प्लास्टिक वाकतं. शिवाय साखरेचा चहा ट्रे आणि दात यांच्यामध्ये अडकून बसतो, लाळ तिथे पोचत नाही, आणि दात किडायला याहून सोयीची जागा नाही. ट्रेसोबत चालतं ते फक्त साधं पाणी. माझे पाच चहा दोनावर आले. ते दुःख खरं होतं, आणि त्याची सवय व्हायला दोन महिने लागले.

फेब्रुवारी म्हणजे मृग बहाराच्या संत्र्यांचे दिवस. दुपारी पेपर तपासता तपासता दोन संत्री सोलायची, ही माझी जुनी चैन. ती जेवणाला जोडावी लागली. आंबट खाल्ल्यावर लगेच खसखसून ब्रश करायचा नाही, दाताचं कवच तेव्हा मऊ झालेलं असतं. आधी पाण्याने खळखळून चूळ भरायची, थोडं थांबायचं. रविवारच्या तर्री-पोह्यांचं मी सोडलं नाही. पर्समध्ये ब्रश, बाटलीभर पाणी, आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून दात घासायची लाज गेली. तर्रीचा लाल तवंग आणि सावजीची हळद ट्रेला लागली की तो दोन दिवसांत पिवळा दिसतो, म्हणून तोंड पूर्ण साफ केल्याशिवाय तो घालायचा नाही. साबुदाण्याची खिचडी मात्र मी वर्षभर टाळली. अटॅचमेंटभोवती ती अशी बसते की निघता निघत नाही.

मे महिन्यात भावाच्या गाडीतून रामटेकला गेलो. दर्शन झाल्यावर गाडीतच डबे उघडले, मी ट्रे काढून निळ्या डबीत ठेवले, डबी समोर डॅशबोर्डवर काचेखाली. जेवून झाडाखाली बसलो, गप्पा लांबल्या, तास गेला. नागपूरचं ऊन पंचेचाळीस अंशांवर असताना बंद गाडीच्या काचेमागे काय होतं ते मला कळायला हवं होतं. डबी हातात धरवेना. वरचा ट्रे दिसायला तसाच, पण घातला तर एका बाजूला उचलून राहिलेला. डॉक्टरांना फोन केला. तो ट्रे आठव्या दिवसावर होता, म्हणून त्यांनी दोन दिवस आधीच पुढचा घालायला सांगितलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असं झालं असतं तर आधीचा जुना ट्रे परत घालून नवा येईपर्यंत थांबावं लागलं असतं. त्यासाठीच मागचा ट्रे कधी फेकायचा नाही.

दोनदा दातांच्या फटींतून बारीक पट्टी ओढून कवच अगदी किंचित घासलं, जागा व्हावी म्हणून. मिलिमीटरचा पाचवा भाग. दुखत नाही, आवाज अंगावर येतो.

दवाखान्यात बसल्या बसल्या एकदा पाहिलं, पंचविशीचा एक मुलगा आईसोबत आलेला. पुढचे दात विरळ झालेले, हसायला लाजणारा. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, खर्रा खातोस का? त्याने खिशाला हात लावला. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, तर तीन बोटं जेमतेम शिरत होती. त्या म्हणाल्या, दातांचं नंतर बघू, आधी हे सोड. पन्नीत घोटलेली ती सुपारी-तंबाखू-चुन्याची पुडी आपल्याकडे हातोहात मिळते, आणि ती तोंडात असेल तर जगातला कुठलाही ट्रे काही करू शकत नाही. मला तो मुलगा अजून आठवतो. त्याची आई बाहेर येऊन बराच वेळ पायऱ्यांवर बसून होती.

ऑक्टोबरात चोवीसावा ट्रे संपला. सुळा खाली रांगेत आला होता, खालचे दात सरळ, चूळ महिनोन्महिने स्वच्छ. पण वरचा डावा, सुळ्याच्या शेजारचा छोटा दात पडद्यावर जिथे होता तिथे आलाच नव्हता. त्याच्या टोकाशी ट्रेमध्ये केसाएवढी पोकळी दिसायची. ती ऑगस्टपासूनच दिसत होती, पोळ्याच्या आणि गणपतीच्या दिवसांत, जेव्हा माझे बावीस तास सोळा-सतरावर आले होते. रबराची छोटी नळी चावून ट्रे घट्ट बसवायचा प्रयत्न केला, उपयोग झाला नाही. पुन्हा स्कॅन, पुन्हा आठ ट्रे. बहुतेकांना असा एक तरी फेरा करावा लागतो, आणि त्याचे पैसे पहिल्या रकमेत धरलेले आहेत की नाहीत हे सुरुवातीलाच लिहून घ्यावं. मी घेतलं होतं.

अलीकडे डॉक्टरांना न भेटता, घरीच साचा घेऊन टपालाने ट्रे मागवण्याच्या जाहिराती फोनवर येतात. अमेरिकेतली अशी एक मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद पडली आणि उपचार अर्धवट असलेली माणसं तशीच राहिली. एक्स-रे न काढता, हिरडी न तपासता कुणी दात हलवत असेल तर स्वस्त वाटलं तरी घेऊ नका. बाबांच्या वयाच्या माणसांचे दात ज्या कारणाने गेले ते कारण फोनच्या कॅमेऱ्यात दिसत नाही.

जानेवारीअखेर शेवटचा ट्रे निघाला. उंचवटे घासून काढले, जीभ दिवसभर दातांवरून फिरत राहिली. आणि त्याच दिवशी हातात रिटेनर, सरळ झालेले दात नव्या जागी धरून ठेवणारा. नवं हाड घट्ट व्हायला महिने लागतात, हिरडीतले ताणलेले तंतू त्याहून जास्त काळ दाताला जुन्या जागी ओढत राहतात. अलाइनर्सची कल्पनाच यातून निघाली असं सांगतात. झिया चिश्ती या तरुणाने मोठेपणी तारा लावून दात सरळ केले, मग रिटेनर घालायला विसरला की दात मागे जायचे आणि घातला की परत यायचे. प्लास्टिक दात परत आणू शकतं, तर पहिल्यापासून का नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि १९९७ साली केल्सी वर्थसोबत त्याने कॅलिफोर्नियात इन्व्हिजलाइन नावाचे अलाइनर्स बनवणारी कंपनी काढली. विसरणं तिथेही होतंच. माझं चार महिने पूर्णवेळ झालं, आता फक्त रात्री, आणि डॉक्टरांच्या शब्दांत 'दात आहेत तोवर'.

त्यामुळे फळीवर आता असं असतं. रात्री बाबांची डबी भरलेली, माझी रिकामी. सकाळी ते कवळी धुऊन बसवतात आणि डबीतलं पाणी ओतून देतात, मी रिटेनर काढून, गार पाण्याखाली घासून, निळ्या डबीत ठेवते. आज सकाळी मी अजून घासतच होते, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"झालं का वं तुयं? पेपर येऊन पडला."

मी झाकण लावलं आणि चष्मा शोधायला गेले.